नव्याचा सण आणि आमचे पाठटाचण



मेडनहेड येथे सप्टेंबर महिना उजाडला की आमच्या घरी दोन वर्षे एकदम सुरू होतात. एक शाळेचे, दुसरे तिश्रीचे. इंग्लंडमधील शाळा उन्हाळी सुटीनंतर सप्टेंबरच्या आरंभी उघडतात. नवा वर्ग, नवा हजेरीपट, नव्या वह्या आणि अजून नावे पाठ न झालेली तीस मुले. त्याच सुमारास, कधी सप्टेंबरात तर कधी ऑक्टोबर लागता लागता, रोश हशाना येतो. मग जेवणाच्या टेबलाच्या एका टोकास वर्षाचे नियोजन पसरलेले असते व दुसऱ्या टोकास सेलिहोतचे पुस्तक. एवढ्याने भागत नाही. पुढे जानेवारीत तिसरे वर्ष येऊन ठेपते. व्यायामशाळांच्या जाहिराती टपालातून येऊन पडतात आणि शिक्षकांच्या खोलीत जो तो दुसऱ्यास विचारतो, "काय, यंदा काय ठरविले?"

आम्ही गेली तीस वर्षे दरवर्षी काही ना काही ठरवीत आलो आहोत आणि त्यांतील बरेचसे हनुक्काच्या दिव्यांपूर्वीच मोडीत आलो आहोत. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचा अनुभव याहून वेगळा नसावा. तेव्हा या वेळी संकल्पांविषयीच लिहावे, ते का मोडतात आणि त्यांतील एखादा का टिकतो याचा शोध घ्यावा, असे मनात आले.

वर्षाचे आरंभ अनेक असावेत यात नवल नाही. मिश्नातील रोश हशाना या भागाच्या प्रारंभीच चार नववर्षे सांगितली आहेत. निसानची पहिली राजांच्या वर्षांसाठी व सणांसाठी, एलुलची पहिली जनावरांच्या दशांशासाठी, तिश्रीची पहिली वर्षांच्या गणनेसाठी, आणि झाडांसाठी, हिल्लेलच्या परंपरेप्रमाणे, शबातची पंधरावी. ज्या कामाचा जसा हंगाम, तसे त्याचे वर्ष. शिक्षकाचे वर्ष सप्टेंबरात सुरू होत असेल तर त्यात वावगे काही नाही. तिश्रीचे वर्ष मात्र सर्वांचे. त्यात माणसाच्या वागणुकीचा हिशेब होतो, आणि हिशेब मागील पानावरून पुढे आणावा लागतो. जानेवारीच्या संकल्पांत हे मागील पान उघडण्याची पद्धत नाही. तेथे वही कोरी धरली जाते. आपल्याकडे एलुलचा सबंध महिना मागचे वाचण्यासाठी दिलेला आहे.

आपल्या पूर्वजांनी हे कसे सांभाळले ते आठवावे. कोकणातील गावांत शतकानुशतके राहताना त्यांच्यापाशी पुस्तके नव्हती व हिब्रू भाषेचा विसर पडला होता. तरीही तिश्रीतील दिवस त्यांनी धरून ठेवले, आणि त्यांस नावे दिली ती आपल्या मराठीत. रोश हशाना तो 'नव्याचा सण'. चौथ्या तिश्रीस 'खिरीचा सण'. योम किप्पूर तो 'दारफाळणीचा सण', म्हणजे दारे बंद करून घरात बसण्याचा. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी 'शिळा सण', ज्या दिवशी गोरगरिबांस दान द्यावयाचे आणि आप्तेष्टांच्या घरी जावयाचे. हाईम शमुवेल केहीमकर यांनी आपल्या इतिहासग्रंथात ही नावे नोंदवून ठेवली म्हणून आज ती आपल्या हाती आहेत.

या नावांकडे नीट पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. ती नावे तत्त्वांची नाहीत, कृतींची आहेत. 'पश्चात्तापाचा सण' असे कोणी म्हटले नाही. खीर शिजवावी, दार लावावे, दुसऱ्या दिवशी दार उघडून शेजाऱ्याच्या घरी जावे. ज्या कृतीस हात लागतो ती पोथी नसतानाही स्मरणात राहते. जे केवळ मनात ठरविले, ते मनातच विरून जाते.

आमचा व्यवसाय शिक्षकाचा, त्यामुळे येथे आम्हांस आमच्या अध्यापक विद्यालयातील दिवस आठवतात. पाठ घेण्यापूर्वी पाठटाचण काढावे लागे. हर्बार्टची पंचपदी घोकून झालेली असे. डाव्या बाजूस उद्दिष्टे आणि उजव्या बाजूस त्यांची स्पष्टीकरणे, असे रकाने पाडलेले असत. आम्ही पहिल्याच टाचणात मोठ्या उत्साहाने लिहिले की, 'विद्यार्थ्यांस अपूर्णांक समजतील.' आमच्या बाईंनी त्याखाली लाल शाईची रेघ ओढली व म्हणाल्या, "समजले हे तुम्हांस दिसणार कसे? विद्यार्थी काय करून दाखवील ते लिहा. सांगतो, लिहितो, ओळखतो, फरक स्पष्ट करतो. जे डोळ्यांस दिसत नाही ते तपासता येत नाही, आणि जे तपासता येत नाही ते शिकविले की नाही हेही कळत नाही." त्या वेळी हा निव्वळ छळ वाटला. आज वाटते, आमच्या बहुतेक संकल्पांखाली ती लाल रेघ ओढावी लागेल.

याचे एक उदाहरण आमच्या स्वतःच्याच वागण्यातील आहे. ते सांगण्यास संकोच वाटतो, तथापि न सांगितल्यास पुढील लेखास अर्थ उरणार नाही.

ती २०१९ ची गोष्ट. त्या वर्षी सण उशिरा आले होते. रोश हशाना सप्टेंबरच्या अखेरीस व योम किप्पूर ९ ऑक्टोबरला. आमच्याकडे प्राथमिक शाळेचा शेवटचा वर्ग होता, दहा-अकरा वर्षांच्या मुलांचा. येथील शाळांत शिक्षकांस वर्षारंभी आपल्या कामाची उद्दिष्टे लिहून द्यावी लागतात व वर्षअखेरीस त्यांचा आढावा होतो. ती आम्ही बिनचूक लिहून दिली. वाचनाची प्रगती इतकी, गणिताची तितकी. त्याखेरीज एक संकल्प आम्ही खाजगी वहीत लिहिला, 'यंदा मुलांशी सौम्यपणे बोलावे.' लाल शाईच्या बाई समोर नव्हत्या, म्हणून तो तसाच राहिला.

वर्गात एक मुलगा रोज उशिरा येई. दहा मिनिटे, कधी पंधरा. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी पाठ नुकता रंगात आला होता, तोच दार उघडले. आम्ही सर्व वर्गासमोर त्यास म्हणालो, "तुझ्या घरी घड्याळ आहे की नाही? की ते वाचावयास अजून शिकला नाहीस?" मुले हसली. तो खाली मान घालून जागेवर जाऊन बसला. पुढे दोन-तीन दिवसांनी बोलण्याच्या ओघात कळले की त्याची आई रात्रपाळीस जाते. सकाळी धाकट्या बहिणीस उठविणे, तिचे केस विंचरणे, तिला तिच्या शाळेच्या दारापाशी पोचविणे हे सारे तो करतो आणि मग आपल्या शाळेस येतो. घड्याळ त्याच्याइतके आमच्या वर्गात कोणीच वाचीत नव्हते.

आम्हांस वाईट वाटले. आणि वाईट वाटून आम्ही काय केले? काहीच नाही. वहीतील संकल्पाखाली 'अधिक काळजी घ्यावी' असे लिहिले. रोश हशानाचे दोन्ही दिवस सिनेगॉगमध्ये उभे राहून प्रार्थना केल्या, शोफारचा नाद ऐकला. मन हलले, पण पाय हलले नाहीत.

योम किप्पूरच्या आदल्या दिवशी पहाटे जाग आली आणि लहानपणी ऐकलेली शिकवण आठवली. मिश्नात ती स्पष्ट आहे. माणूस आणि देव यांमधील अपराधांची क्षमा योम किप्पूरने होते. माणूस आणि माणूस यांमधील अपराधांची क्षमा, ज्याचा अपराध केला त्याचे समाधान केल्याखेरीज होत नाही. कोल निद्रे ऐकताना पुष्कळांस वाटते की सारे शब्द, साऱ्या शपथा आता मोकळ्या झाल्या. पण आचार्यांनी पूर्वीपासून बजावले आहे की कोल निद्रे मनुष्याने स्वतःच्या व देवाच्या दरम्यान घेतलेल्या शपथांविषयी आहे. शेजाऱ्यास दिलेला शब्द त्याने सुटत नाही व शेजाऱ्यास बोललेला शब्द त्याने पुसला जात नाही. त्या संध्याकाळी आम्ही सिनेगॉगमध्ये उभे राहणार होतो, आणि तो मुलगा दुसऱ्या दिवशीही दार उघडताना मान खाली घालणार होता.

त्या दिवशी तो उशिराच आला. अपमान सर्वांसमोर केला होता, म्हणून क्षमाही सर्वांसमोर मागावी लागली. आम्ही म्हणालो, "त्या दिवशी मी तुला जे बोललो ते चुकीचे होते आणि कठोर होते. मला क्षमा कर. मी पुन्हा कोणाशी तसे बोलू लागलो तर तू मला खूण कर." वर्ग अगदी शांत झाला. मुलगा म्हणाला, "ठीक आहे," आणि पेन्सिलीस टोक करू लागला. एवढेच. नाटकात होते तसे काही घडले नाही. दुसऱ्या आठवड्यातही तो उशिरा आला, परंतु दार उघडताना वर पाहत आला.

फेब्रुवारीत एका दुपारी आम्ही दमलो होतो. एका मुलीने तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला आणि आमचा आवाज चढू लागला. तेवढ्यात मागच्या बाकावर एक बोट वर झाले. त्यास काही विचारावयाचे नव्हते. तो केवळ आमच्याकडे पाहत होता. आम्ही थांबलो, घोटभर पाणी प्यालो व प्रश्नाचे उत्तर तिसऱ्यांदा दिले. २० मार्च २०२० रोजी महामारीमुळे येथील शाळा बहुतेक मुलांसाठी बंद झाल्या. तो वर्ग पुन्हा पहिल्यासारखा भरला नाही, आणि सप्टेंबरात ती मुले माध्यमिक शाळेत गेली. 'पुढल्या वर्षी बघू' असे आम्ही म्हटले असते, तर ते पुढले वर्ष आम्हांस मिळणार नव्हते.

या प्रसंगाने आम्हांस जे शिकविले ते थोडक्यात असे. 'सौम्यपणे बोलावे' हा वहीतील संकल्प तीन आठवड्यांत मोडला. तोच संकल्प, ज्याच्यासाठी होता त्यास सांगितला, तेव्हा तो टिकला. वही आपणांस काही विचारीत नाही. माणूस विचारतो.

येथे कोणी म्हणेल की आपल्याकडे नवसाची रीत आहेच. आहे, आणि ती आपल्या जमातीच्या हृदयाजवळची आहे. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एलियाहू हन्नाबीच्या स्थानी गेलेली कितीतरी कुटुंबे आज आमचे वाचक आहेत. मुलगा परीक्षेत उतरला, घर मिळाले, दुखणे बरे झाले की पोहे, खोबरे, साखर, वेलची व फळे यांचा मलिदा करावयाचा, दहा माणसे बोलवावयाची आणि प्रार्थना म्हणावयाची, हे आपण मेडनहेडमध्येही करतो. पोहे साउथॉलहून आणतो एवढाच फरक. परंतु नवस आणि संकल्प एक नव्हेत. नवसात अट असते. अमुक झाले तर तमुक करीन. त्यात पहिली पाळी देवाची. संकल्पात पहिली पाळी आपली असते व अट नसते. शिवाय उपदेशकाच्या पुस्तकात सांगितलेच आहे की नवस करून तो न फेडण्यापेक्षा तो न केलेला बरा. म्हणूनच आपल्यातील जाणती माणसे काही कबूल करताना 'बली नेदेर', शपथ न घेता, असे म्हणून मग कबूल करतात. शब्द मोठा करू नये, काम करावे, असा त्यातील अर्थ आम्ही घेतो.

दुसरे उदाहरण घरातील. आमच्या आत्या अश्दोद येथे असतात. वय ऐंशीच्या पुढे. रेवदंड्याच्या घरातील खिरीत नारळाचे दूध किती व गूळ किती, मलिद्याच्या वेळी कोणते गीत कोणत्या चालीवर म्हणत, आजोबांच्या आजोबांचे नाव काय, हे सारे आता एकट्या त्यांनाच ठाऊक आहे. एका तिश्रीत आम्ही त्यांस शब्द दिला की दर शुक्रवारी शब्बाथ लागण्यापूर्वी फोन करू. सप्टेंबरात ते सोपे होते. शाळा सव्वातीनला सुटते आणि त्या दिवसांत अश्दोदला शब्बाथ लागतो तेव्हा आमच्याकडे चार वाजून गेलेले असतात. नोव्हेंबर आला, दिवस लहान झाले. तेथे शब्बाथ लागतो तेव्हा येथे दुपारचे सव्वादोनच वाजलेले असतात आणि आम्ही फळ्यापाशी उभे असतो. दोन शुक्रवार चुकले. तिसऱ्या रविवारी आत्यांचाच फोन आला. "बाळा, जिवंत आहेस ना?"

आम्ही दिवसांचे व घड्याळांचे सारे गणित त्यांस समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले व म्हणाल्या, "मग गुरुवारी कर. आम्ही काय गुरुवारी मुक्या असतो?" असा आमचा शुक्रवारचा फोन गुरुवारचा झाला, तो आजतागायत. पाठटाचणाचेही असेच असते. टाचण वर्गात उतरले की पहिल्या दहा मिनिटांतच कळते की मुलांस मागचेच आलेले नाही. तेव्हा टाचण बदलावयाचे असते, पाठ सोडावयाचा नसतो. पुष्कळ संकल्प केवळ वाराच्या किंवा वेळेच्या अडचणीने मरतात, कारण आपण त्यांत बदल करणे म्हणजे हार मानणे समजतो. हेही आत्यांस शब्द दिलेला होता म्हणून कळले. नुसता मनात असता तर तिसरा रविवार आलाच नसता.

आमच्या गावातील एका पुलाकडे पाहताना हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने दिसते. थेम्स नदीवरील येथील रेल्वेचा पूल इझम्बार्ड किंगडम ब्रुनेल या अभियंत्याने बांधला. १८३९ साली त्यावरून गाड्या धावू लागल्या. नदीवर विटांच्या दोनच कमानी, प्रत्येकीचा गाळा १२८ फूट आणि उंची अवघी २४ फूट. इतक्या रुंद व चपट्या कमानी टिकणार नाहीत असे पुष्कळांचे भाकीत होते. बांधताना खाली लाकडी आधार, ज्यास आपल्याकडील गवंडी सेंटरिंग म्हणतात, तो होता. पूर्वेकडील कमानीखालचा आधार घाईने सैल केला तेव्हा आतील सिमेंट पुरते धरले नव्हते. ती कमान बिघडली व पुन्हा दुरुस्त करावी लागली. त्यानंतर आधार तसाच उभा ठेवला होता. पुढे १८३९ च्या शरदात वादळ झाले आणि तो लाकडी सांगाडा कोसळला. पूल मात्र होता तेथेच राहिला. आज त्यावरून एलिझाबेथ लाइनच्या गाड्या जातात.

वहीतील खुणा, फोनवरील घंटा, मुलाचे वर झालेले बोट, आत्यांचा रविवारचा फोन हे सारे लाकडी आधार होत. ते लवकर काढू नयेत, आणि त्यांची लाजही बाळगू नये. वीट अजून ओली असते तोवर ते हवेत. एक दिवस ते आपोआप गळून पडतात आणि आपणांस कळते की गुरुवार आला की हात आपसूक फोनकडे जातो.

काही संकल्पांचे सिमेंट धरण्यास एका माणसाचे आयुष्यही पुरत नाही. वर ज्यांचा उल्लेख आला ते केहीमकर १८३० साली जन्मले. १८५३ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या जमातीत शिक्षणाचा प्रसार करण्यासाठी संस्था स्थापन केली. मुंबईत इस्राएली शाळा उघडली ती १८७५ साली. मध्ये बावीस वर्षे गेली. तीच शाळा पुढे सर एली कदूरी हायस्कूल म्हणून प्रसिद्ध झाली, आणि आमच्या वाचकांतील अनेकांच्या आईवडिलांनी तेथे धडे गिरविले. केहीमकरांनी आपल्या इतिहासाचे हस्तलिखित १८९७ मध्ये पुरे केले. ते छापून निघाले १९३७ साली, तेल अवीव येथे. छापील पुस्तक पाहणे लेखकाच्या नशिबी नव्हते. त्याच पिढीतील जोसेफ इझिकेल राजपूरकर हे मुंबईच्या डेव्हिड सॅसून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशनमध्ये सुमारे चाळीस वर्षे मुख्याध्यापक होते. शाळा सांभाळून त्यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तके एकामागून एक मराठीत आणली. प्रार्थनेचा अर्थ आपणांस मराठीतून कळतो त्यामागे एका शिक्षकाची ही चिकाटी आहे. या दोघांचीही कामे चारचौघांत सांगितलेली, चारचौघांसह केलेली होती, म्हणून ती बावीस वर्षांनीही मागे पडली नाहीत.

तेव्हा या नव्याच्या सणास आमच्या वाचक कुटुंबांस आमची नम्र सूचना अशी की संकल्प थोडे करावेत. घरातला एक व कामावरचा एक पुरे. प्रत्येकाची एका वाक्यात अशी कृती लिहावी की जी दुसऱ्यास दिसेल. 'मुलांस मराठी यावी' असे न लिहिता 'शुक्रवारी जेवणाच्या टेबलावर अर्धा तास आम्ही सर्व मराठीतच बोलू' असे लिहावे. 'कामावर सहकाऱ्यांशी चांगले वागू' असे न लिहिता, जो नवा माणूस परवाच लागला आहे त्याच्याबरोबर सोमवारी जेवावयास बसू, असे लिहावे. 'आजीची विचारपूस करू' याऐवजी वार व वेळ लिहावी, आणि हिवाळ्यात ती वेळ जमेल का ते आधीच पाहावे. मग ज्याच्यासाठी हे आहे त्यास ते सांगावे व म्हणावे, "चुकलो तर विचारा." मुलांस आईबापांना असे विचारण्याचा अधिकार दिला तर ती तो किती काटेकोरपणे बजावतात, हे आमच्या अनुभवावरून सांगतो.

आणि संकल्पापूर्वी मागील पान उघडावे. ज्याच्याशी बोलणे बंद आहे, ज्यास लागेल असे बोललो, ज्याचे पैसे, पुस्तक किंवा पत्राचे उत्तर देणे राहिले आहे, त्याच्याकडे एलुल संपण्यापूर्वी जावे. दार लावण्याच्या सणाआधी हे एक दार उघडावे लागते.

आता आम्हीही नियमास अपवाद असू नये. आमचे या वर्षाचे संकल्प दोन. पहिला, गुरुवारी आत्यांशी बोलताना दर वेळी त्यांच्याकडून एक गोष्ट लिहून घेणे, मग ती खिरीचे प्रमाण असो, एखाद्या गीताची चाल असो किंवा एखाद्या पूर्वजाचे नाव. वर्षाखेर त्या वहीच्या प्रती काढून नातलगांस देणे. दुसरा, उशिरा आलेल्या मुलास वर्गासमोर काहीही न विचारता मधल्या सुटीत जवळ बसवून विचारणे. हा दुसरा आम्ही वर्गास पहिल्याच दिवशी सांगितला आहे, आणि बोटे वर होऊ लागली आहेत.

मागील पानावरचेही एक काम आहे. येथील एका गृहस्थांशी, एका मलिद्याच्या वर्गणीच्या हिशेबावरून, आमचा तीन वर्षे अबोला आहे. चूक कोणाची किती, याची मोजदाद आम्ही तीन वर्षे केली व ती कधी जुळली नाही. ते हे पत्रक नेमाने वाचतात. हा अंक त्यांच्या हाती पडण्यापूर्वी त्यांच्या दारावरची घंटा वाजविण्याचे आम्ही ठरविले आहे. प्रार्थनेनंतर हातात हात घेऊन मग आपल्या बोटांचे चुंबन घेण्याची आपली जुनी रीत आहे. त्यांनी हात पुढे केला तर उत्तम, न केल्यास आमचा हात पुढेच राहील. हे येथे छापून ठेवीत आहोत ते अशासाठी की, आम्ही गेलो की नाही, हे वाचकांनी आम्हांस अवश्य विचारावे.

आपणां सर्वांस नवे वर्ष गोड जावो, आणि आपली, आपल्या मुलाबाळांची व दूरदेशी असलेल्या वडीलधाऱ्यांची नावे जीवनाच्या पुस्तकात लिहिली जावोत. शाना तोवा.